वरचा आणि खालचा

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण त्या दिवशी मी खेकसले त्यात माझं काय चुकलं? कारखान्यातला फोन वाजला, मी उचलला, हॅलो म्हटलं, आणि पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "बाई, जात कुठली?"

नाव नाही, गाव नाही, एकदम जात. तुम्हाला काय करायचीय माझी जात, असं म्हणून मी फोन आपटला. शेजारी सोल्डरिंग करत बसलेले दोघं मान खाली घालून हसत राहिले. थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. तोच आवाज, पण आता जरा बिचकलेला. ती म्हणाली, तुमची न्हवं ओ बाई, ह्या कांडीची जात इचारतीय. तुमीच लिवलंय न्हवं कागदावर, आधी जात निवडा म्हणून.

लिहिलं होतं खरं. मीच लिहिलं होतं. आमच्या साहेबांचा तो शब्द. ते सेन्सरच्या प्रकाराला जातच म्हणायचे, आणि त्यांचं ऐकून ऐकून मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. मी माफी वगैरे मागितली नाही, तसा माझा स्वभाव नाही, पण आवाज खाली आणला आणि विचारलं, अक्का, कांडीला वायरी किती आहेत? तीन. मग दुसरी जात निवडा. तिनं बटण दाबलं, आणि पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला. तिचा तो डबा सकाळपासून खोलीत आग लागल्यासारखे आकडे दाखवत होता आणि खोलीतली भट्टी तर अजून पेटवलेलीसुद्धा नव्हती.

हे सगळं काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखाच गोंधळ उडेल.

मी तेव्हा साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला होते. डिप्लोमा झाला होता, इन्स्ट्रुमेंटेशनचा. आम्ही भट्ट्यांचे आणि हीटरचे कंट्रोलर बनवायचो. म्हणजे उष्णता किती झाली ते बघून भट्टी पेटवणारा आणि विझवणारा डबा. साइटवर जायचं काम पुरुषांकडे. मला बेंचवरचं काम, फोन, आणि गिऱ्हाइकाला कळेल अशा मराठीत कागद लिहून देणं. हे शेवटचं काम मला मनापासून आवडायचं. इंग्रजीतलं मॅन्युअल वाचून लोकांचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि माझा कागद वाचून लोक स्वतः डबा चालू करायचे. निदान मला तरी तसं वाटायचं.

तासगावजवळच्या एका मळ्यातल्या अक्काला आम्ही असाच एक डबा पाठवला होता. सगळे तिला अक्काच म्हणायचे, म्हणून मीही. पंचेचाळिशीची जैन शेतकरीण. लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. राहायची धाकट्या भावाच्या घरात. ह्या भावाला सगळं गाव अण्णा म्हणायचं, आणि घरातलं पानसुद्धा अण्णाला विचारल्याशिवाय हलायचं नाही. फक्त एक द्राक्षबाग वडिलांनी जाता जाता अक्काच्या नावावर केली होती, आणि तेवढी ती स्वतः बघायची.

बेदाणा एरवी सावलीत आणि वाऱ्यावर वाळतो. लांबलचक शेड, तिच्यात एकावर एक बांधलेल्या जाळ्या, जाळ्यांवर औषधाच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं. पण त्या साली ऐन हंगामात आभाळ आलं ते हलायलाच तयार नाही. हवेत ओल. अशा हवेत द्राक्ष वाळायच्या आधी काळं पडतं, नाहीतर आंबतं. अक्कानं मग कुठून तरी डिझेलवरची भट्टी आणली, आपल्या शेडला चारी बाजूंनी पत्रा आणि ताडपत्री मारून बंद खोली केली, आणि पंख्यानं गरम हवा आत सोडायचं ठरवलं. अण्णाला हे थेर अजिबात पसंत नव्हते. त्याचा माल शेजारच्या उघड्या शेडमध्ये, वाडवडलांच्या पद्धतीनं.

त्या पहिल्याच दिवशी, सुस्कारा टाकून झाल्यावर, अक्का मला म्हणाली होती, "बाई, नीट सांगा बरं का. हा माल निघाला तर बाग माझी. न्हाई निघाला तर म्होरल्या छाटणीपासनं बाग अण्णा बघणार. तसं बोलणंच झालंय आमचं."

मी बरं म्हटलं. पण फोन ठेवल्यावर माझ्या कागदाची प्रत काढून पुन्हा एकदा वाचली. आतापर्यंत माझ्या डब्यावर कुणाचं डिझेल अवलंबून असायचं, फार तर भट्टीतला एखादा घाणा. एका बाईची बाग कधी नव्हती.

आता त्या डब्याचं. त्याच्या मागे इनपुट म्हणजे वायर खुपसायची भोकं. प्रत्येक भोकात एक सेन्सर, म्हणजे पेनाएवढी स्टीलची कांडी आणि तिची वायर. प्रत्येक इनपुटला बटणं दाबून दोन गोष्टी सांगायच्या. एक, तुला कुठल्या जातीची कांडी जोडलीय. दोन, तुझं काम काय. अक्काच्या डब्यात इनपुट एकचं काम भट्टी बंद करणं, आणि इनपुट दोनचं काम भट्टी चालू करणं. गरम हवा वर चढते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून बंद करणारी कांडी सगळ्यात वरच्या जाळीपाशी, जिथं सगळ्यात जास्त उष्णता. तिथं पन्नास झालं की भट्टी विझव. चालू करणारी कांडी सगळ्यात खालच्या जाळीपाशी, जिथं सगळ्यात गार; तिथं चाळीसच्या खाली गेलं की पेटव. मी दोन्ही वायरींना स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या बांधल्या होत्या. एकीवर 'वरचा', दुसरीवर 'खालचा'. यापेक्षा सोपं आणखी काय असणार?

आमचा फिटर तेव्हा गावाकडच्या लग्नात अडकला होता. म्हणून डबा एसटीनं पाठवला आणि गावातल्या वायरमननं अक्काच्या देखरेखीखाली तो बसवला. जातीचं निस्तरल्यावर भट्टी पेटली, आणि मला वाटलं झालं काम.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. भट्टी थांबत न्हाई, अक्का म्हणाली. काल पेटली ती पेटलीच. भट्टीजवळच्या जाळ्यांवरच्या द्राक्षांना करपट वास यायला लागला म्हणून तिनं हातानं बंद केली. बंद केली तर आता पुन्हा आपणहून पेटतच नाही, आणि पलीकडच्या टोकाची द्राक्षं घामेजलीत. मी विचारलं, डब्यावर आकडे काय? ती म्हणाली, "वरचा बत्तीस. खालचा बासष्ट."

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. वरचा बत्तीस, खालचा बासष्ट. मी म्हटलं, उलटं वाचताय का? ती म्हणाली, मला वाचाय येतंय की.

आता माझं डोकं चालेना. गरम हवा खाली आणि गार हवा वर? असं जगात कुठे होत नाही. मी साहेबांना विचारलं. साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, पत्रा तापून वरची हवा गार होत असेल. मी म्हटलं, साहेब, पत्रा तापून गार? ते म्हणाले, मग पंख्याचा काही तरी परिणाम. साहेबांना जे कळायचं नाही ते नेहमी पंख्याचा परिणाम असायचं.

शेवटी मला एकच गोष्ट पटली. वायरमननं वायरी उलट्या खुपसल्या. वरचा दोनमध्ये, खालचा एकमध्ये. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, की गणित सुटल्यासारखी मी उठूनच उभी राहिले. अक्काला फोनवर सांगितलं, वायरींना हात लावू नका, फक्त डब्यातली कामं बदला. इनपुट एकला म्हणा तू चालू कर, इनपुट दोनला म्हणा तू बंद कर. कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते सगळं सांगितलं. तिनं एकेक करून दाबलं आणि प्रत्येक वेळी डब्यावर काय उमटलं ते मला वाचून दाखवलं. त्या डब्यावरची अक्षरं अशी काही मोडकीतोडकी उमटायची की ती त्यांना किडे म्हणायची. आता उभा किडा आला, आता आडवा किडा आला. आम्ही दोघींनी मिळून किड्यांची भाषा शिकून घेतली आणि काम केलं.

संध्याकाळी फोन आला तो अण्णाचा. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो म्हणाला, तुमच्या भट्टीला उचकी लागलीय, येऊन बघा. आणि फोन ठेवला.

उचकी म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी तिथं गेल्यावर कळलं. रहिमतपूरवरून विट्याला, विट्यावरून तासगावला, तिथून एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रिकाम्या क्रेटवर बसून मी मळ्यात पोचले, तेव्हा भट्टी खरोखर उचक्या देत होती. पेट घ्यायची, जरा फुरफुरायची, विझायची. लगेच पुन्हा पेट घ्यायची. दर वेळी धुराचा एक भपकारा. साहेबांनी मला एकटीला साइटवर पाठवलं ते काही माझ्यावरच्या विश्वासानं नव्हे. दुसरं कुणी हाताशीच नव्हतं. आणि समोर ती बया उचक्या देतेय. मला रडावंसं वाटलं आणि त्याचा राग आला.

अण्णा शेडच्या दाराशी उभा होता. पांढरा शर्ट, हाताची घडी. मी दाराकडे पाऊल टाकलं तर म्हणाला, उघडू नका, ऊब जाईल. मी म्हटलं, उघडल्याशिवाय मला आतलं कळणार कसं? तो म्हणाला, डबा भायेर हाय. डबा बघा.

त्याचं बोलणं सगळं असंच. उघडू नका. बंद करा. बाजूला व्हा. दिवसभरात त्यानं कुणालाही एक प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. अक्का त्याच्यापेक्षा मोठी, पण तिच्याशीही तसंच. तीही ऐकून घ्यायची. फोनवरचा तिचा तो खणखणीत आवाज त्याच्यासमोर कुठं जायचा कोण जाणे. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, दम खा. आधी च्या घे.

चहा राहिला बाजूला. मी डबा उघडला. तो शेडच्या रस्त्याकडच्या टोकाला, भट्टीला लागूनच बसवलेला, कारण डिझेलची पिंपं तिकडनंच यायची. वायरी बघितल्या. चिठ्ठ्या जागेवर, माझं अक्षर. 'वरचा' एक नंबरच्या भोकात, 'खालचा' दोन नंबरच्या. म्हणजे वायरमननं वायरी बरोबरच खुपसल्या होत्या. मग काल मी फोनवरून जे बदललं ते चुकीचं, पण त्याआधी जे बरोबर होतं तेही चालत नव्हतं. बरोबर असलेलं चुकत होतं आणि चुकीचं असलेलं उचक्या देत होतं. मी सगळी कामं पुन्हा पहिल्यासारखी केली. उचकी थांबली आणि भट्टी एकसारखी पेटून राहिली. खालचा चढायला लागला. पंचावन्न, अठ्ठावन्न. वरचा तेहतीसवर गप्प.

मीटर लावला, दोन्ही सेन्सर ठणठणीत. डब्याला शिव्या घातल्या, मनातल्या मनात. मग वायरमनला, मग साहेबांना, मग मला डिप्लोमा देणाऱ्या सगळ्यांना. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. एक क्षण तर असंही वाटलं की साहेबांचंच खरं असेल, पंख्याचाच परिणाम असेल. अण्णा मागे उभा राहून सगळं बघत होता.

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला डब्यातलं काही दिसत नव्हतं, तिला माझा चेहरा दिसत होता, आणि तो बघून तिचाही उतरत चालला होता. ती एवढंच म्हणाली की मधल्या जाळ्यांवरचा माल अजून हिरवागार हाय. जणू मला धीर द्यायला. मला जास्तच भरून आलं.

मी ठरवलं, एकच खात्री करायची. सेन्सर हातात धरला की हाताच्या उबेनं आकडा चढतो. वरचा धरल्यावर वरचाच आकडा चढतो का, हे बघायचं. मी अण्णाकडे न बघता म्हटलं, "अक्का, आत जा आणि वरचा सेन्सर मुठीत धरा. मी इथं आकडा बघते."

अण्णा काही बोलायच्या आत तिनं ताडपत्री किंचित उचलली. मी तिला म्हणणार होते, स्टूल न्या. कारण सगळ्यात वरची जाळी डोक्याच्या किती तरी वर होती. पण ती आत शिरलीच नाही. ताडपत्री पुन्हा खाली सोडली, पदर खोचला आणि शेडच्या बाहेरून, चढानं, पलीकडच्या टोकाकडे तरातरा चालायला लागली.

मी ओरडले, कुठं चाललात?

"वरचा धरायला," ती चालता चालताच म्हणाली. "तू सांगितलंस की."

मी तशीच तिच्या मागे पळाले. चढावर धापा टाकत. ती शेडच्या त्या टोकाशी पोचली, तिथली ताडपत्री उचलली, हात आत घातला, आणि तिच्या कमरेच्या उंचीवर खांबाला बांधलेली स्टीलची कांडी मुठीत धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. काम बरोबर केल्याचं समाधान चेहऱ्यावर.

मी विचारलं, हा वरचा?

व्हय, ती म्हणाली. वरल्या अंगाचा. आणि खालचा तितं खाली, भट्टीपाशी. वर म्हंजे वर, पाणी खाली येतं न्हवं हितनं. तिनं हात केला. मी बघितलं. मळा उतरता होता. वरच्या बांधाकडून पाण्याची सारणी शेडच्या कडेनं खाली रस्त्याकडे आलेली. ह्या माणसांचं वर आणि खाली जमिनीच्या उतारावर होतं, आणि माझं हवेत. सबंध मळ्यात एकही माणूस असा नव्हता ज्यानं 'वरचा' वाचून आभाळाकडे बघितलं असतं. वरचा बांध, वरची विहीर, वरला शेजारी. दोन दिवस आम्ही दोघी फोनवर एकच शब्द बोलत होतो, दोघींनाही तो स्वच्छ कळत होता, आणि दोघी दोन दिशांना तोंडं करून उभ्या होतो.

मी आधी हसले. मग मला इतका राग आला की सांगता सोय नाही. कुणावर, ते आजही धड सांगता येत नाही. मी म्हटलं, अक्का, वरचा म्हणजे उंचावरचा. वरच्या जाळीचा.

"मग शेंड्याचा म्हणायचं," ती म्हणाली. "शेंड्याचा आणि बुडाचा. वरचा कशाला लिवलंस, पोरी?"

मी आजही म्हणते की मी लिहिलं होतं ते बरोबर होतं. पण तिनं बसवलं होतं तेही बरोबर होतं, आणि ह्या दोन बरोबरच्या मध्ये तिची द्राक्षं एका टोकाला करपत होती आणि दुसऱ्या टोकाला घामेजत होती. भट्टीलगतची कांडी तापून बसायची, म्हणून भट्टी पेटायचा हुकूम मिळायचा नाही. लांबची कांडी तापायचीच नाही, म्हणून विझायचा हुकूम मिळायचा नाही. मग मी फोनवरून कामं उलटी केली तेव्हा दोन्ही हुकूम एकदम मिळायला लागले. जवळची म्हणे विझव, लांबची म्हणे पेटव. बिचाऱ्या भट्टीनं उचक्या दिल्या नसत्या तरच नवल.

अण्णाही चढ चढून आला होता. मी आता त्याला न विचारता ताडपत्री बाजूला केली. त्यानं तोंड उघडलं, आणि अक्का आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी स्टूल घेऊन आत गेले.

मग काम भराभर झालं. दोन्ही कांड्या शेडच्या मध्यावर आणल्या, एक शेंड्याच्या जाळीला बांधली, एक बुडाच्या. वरच्या टोकाला, म्हणजे आता मीही वरच्या टोकालाच म्हणायला लागले होते, ताडपत्री फाटून ऊब निसटत होती, तिथं अक्कानं गोणपाटं खोचली. मी डब्यापाशी येऊन इनपुट पुन्हा एकेक करून तपासले. जात, काम, आकडा. अक्का शेजारी उभी राहून किडे वाचत होती आणि आता चुकत नव्हती. चिठ्ठ्या मी काढल्या आणि नव्या बांधल्या. काय लिहायचं ते तिनं सांगितलं.

भट्टी पेटली. शेंड्याला पन्नास झाल्यावर विझली. मी आकड्यावर नजर ठेवून बसले. बुडाचा आकडा हळूहळू उतरत आला, आणि चाळीसच्या खाली गेल्याबरोबर भट्टी आपली आपण पेटली. अक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

जेवण दिवस मावळायच्या आत, त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे. भट्टीजवळच्या जाळ्यांवरचा माल तांबूस झाला होता, तो सुधारणार नव्हता. वरच्या टोकाच्या काही जाळ्यांना बुरशीचा वास येत होता, त्या अक्कानं जेवायच्या आधीच रिकाम्या करून टाकल्या होत्या. मधला सगळा राहिला होता. मला बेदाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे ह्याला निघाला म्हणायचं की बुडाला, ते मला समजेना, आणि विचारायचं धाडस होईना. मुक्काम तिथंच केला. परतीची गाडी नव्हती, आणि असती तरी मी गेले नसते.

सकाळीही आभाळ तसंच. खालीच उतरलेलं, राखाडी, बारीक ओल धरलेलं. अण्णाची उघडी शेड मी जाता जाता बघितली. त्याच्या जाळ्यांवरची द्राक्षं मऊ पडून एकमेकांना चिकटली होती आणि त्यांच्यावर चिलटं बसली होती. त्याची माणसं ती निवडत होती. अजून निम्मी बाग खुडायची राहिली होती त्याची, आणि आता थांबणंही शक्य नव्हतं, कारण वेलावरचे मणी फुटायला लागले होते.

अक्का आपल्या खोलीत जाळ्या तपासत होती. मी डब्यापाशी. अण्णा आला. ताडपत्रीशी थांबला. मला वाटलं आता म्हणणार, हा डबा काढा. मग आत शिरून त्यानं मधल्या भागातल्या जाळीवरचा एक मणी उचलला, बोटांत दाबला. हिरवा होता, सुरकुतलेला, आणि फुटला नाही. त्यानं तो तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिला.

मग म्हणाला, "अक्का, माजी र्‍हायलेली खुडणी हितं लावू का?"

मला आधी नीट कळलंच नाही की काय झालं. वाक्य साधं होतं. मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या शेवटी 'का' होतं. मी अक्काकडे बघितलं. तिचा हात जाळीवर तसाच थांबला होता. तिनं ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं, दोन पावलांवरून न ऐकायला काय झालं होतं. तरी ती म्हणाली, "काय म्हणालास?"

अण्णाला ते पुन्हा विचारावं लागलं. पुन्हा 'का' सकट.

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. घाम होता की काय होतं ते मी बघितलं नाही. माझेच डोळे भरून आले होते आणि मला समोरचे आकडे दिसेनात. ती तशीच वळली आणि पुढच्या जाळीवरची द्राक्षं बोटांनी सारखी करायला लागली.

"आधी माजा माल निघू दे," ती म्हणाली. "मग सांगते."

अण्णा बरं म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.